विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या आईने आयुष्यात तीन वेळा बिऱ्हाड हलविले. साताऱ्याकडच्या गावाहून लालबागच्या चाळीत, चाळीतून घणसोलीच्या एका भाड्याच्या खोलीत, आणि तेथून कोपरखैरण्याच्या सिडकोच्या घरात. तिन्ही वेळा टेंपोत भांडीकुंडी चढण्यापूर्वी तिने एक लहानसे गाठोडे स्वतःच्या हाती घेतले. त्यात चार मोठे खिळे, सुतळीचा गुंडा आणि वरवंटा असे. वडील हसत. "तिकडे काय खिळे मिळत नाहीत?" असे विचारीत. आई म्हणे, "नव्या घरात खुंटी असेलच असं धरून चालू नये."

तिचे खरे ठरे. चाळीतल्या लाकडी भिंतीत खिळा सहज बसे. सिडकोच्या सिमेंटाच्या भिंतीने पहिले दोन वाकविले. तेव्हा तिने खिडकीच्या गजाला सुतळी बांधली आणि कपडे वाळत घातले. भिंत कशीही असो, संध्याकाळपर्यंत घर लागलेले असे.

दिवाळीच्या अंकात हे खिळ्यांचे पुराण कशासाठी, असे वाचक म्हणतील. मी मॅट्रिकपुढे न शिकलेला, मुलांना चित्रकला शिकविणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. संगणकावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? पण गेल्या वर्षी एका संगणकाच्या प्रोग्रामपायी माझ्या आईचा आवाज मला गमावावा लागणार होता, आणि त्याच प्रोग्रामातील एका शब्दामुळे तो परत मिळाला. त्या निमित्ताने मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, तो इतिहास आईच्या त्या गाठोड्याचाच आहे असे मला वाटू लागले. तोच सांगतो.

१

संगणकाला माणसाची भाषा कळत नाही, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याला कळतात ते आकडे. आणि प्रत्येक जातीच्या यंत्राची आकड्यांची बोली वेगळी. एका यंत्राला 'बेरीज कर' हे ज्या आकड्याने सांगावयाचे, तोच आकडा दुसऱ्या यंत्राच्या लेखी 'थांब' असा असू शकतो.

हे पाहावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईचाच इतिहास पाहा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या हातांनी संगणक बांधला. त्याचे लहान प्रायोगिक रूप १९५६ मध्ये झाले आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नाव 'टिफ्रॅक' असे ठेवले. त्याचा एक 'शब्द', म्हणजे एका वेळी उचलावयाचा घास, ४० बिटांचा. आणि असे २०४८ शब्द त्याच्या स्मृतीत मावत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याचा घास ४८ बिटांचा. १९६७ साली पवईच्या आयआयटीत रशियाचे मिन्स्क यंत्र बसले. त्याचा घास ३७ बिटांचा. पुढे कुलाब्यालाच डेक कंपनीचे यंत्र आले. ते ३६ बिटांचे. एकाच शहरात, पंधरा-वीस वर्षांच्या काळात, चार यंत्रे आणि चार मापे!

टिफ्रॅकच्या बोलीत रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम सीडीसीवर चालत नसे. यंत्र निवृत्त झाले की त्याच्यासाठी लिहिलेले सारे त्याच्याबरोबर सती जाई. फोरट्रान, कोबोल अशा भाषा आल्या होत्या, आणि त्यांत लिहिलेली गणिते व जमाखर्च थोड्या डागडुजीने एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत. परंतु यंत्राचा कारभार ज्या मुख्य प्रोग्रामावर चाले, ती 'ऑपरेटिंग सिस्टिम', ती बहुधा यंत्राच्याच बोलीत लिहिलेली असे. घरातली भांडी नेता येत. घर नेता येत नसे.

२

घरच उचलून नेण्याची युक्ती अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील बेल प्रयोगशाळेत निघाली. १९६९ मध्ये केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या एका जुन्या, बाजूला पडलेल्या यंत्रावर 'युनिक्स' नावाची लहानशी व्यवस्था रचली. पुढे त्यांना पीडीपी-११ हे नवे यंत्र मिळाले. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास एक नवी भाषा घडविली आणि तिचे नाव ठेवले नुसते 'सी'. १९७३ मध्ये युनिक्स बहुतांशी या भाषेत पुन्हा लिहून काढले गेले.

सी भाषा अशी की ती यंत्राच्या फार जवळ राहते, तरी कोणत्या एका यंत्राची नाही. माणसाने सी भाषेत लिहावे, आणि 'कंपायलर' नावाच्या दुभाष्याने ते त्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवावे. मग नवे यंत्र आले तर सारा ग्रंथ नव्याने लिहावयाचे कारण नाही; नवा दुभाष्या मिळाला की बहुतेक काम झाले.

१९७७ च्या सुमारास हे प्रत्यक्ष करून पाहिले गेले, आणि गंमत अशी की दोन ठिकाणी, एकमेकांना नकळत. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर युनिक्स चढविले; बेल प्रयोगशाळेत रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी त्याच कुळातल्या ८/३२ वर. जॉन्सन यांनी त्यासाठी नवा दुभाष्याच रचला, ज्यात यंत्राविषयीची माहिती एका बाजूला वेगळी काढून ठेविली होती. रिची आणि जॉन्सन या दोघांनी १९७८ मध्ये आपला अनुभव लिहून छापला. त्याचे सार मला फार मोलाचे वाटते. अडचणी भाषेतल्या थोड्या आणि लिहिणाऱ्यांच्या सवयीतल्या फार! पीडीपी-११ वर वर्षानुवर्षे लिहिता लिहिता, त्या यंत्राच्या कितीतरी खोडी म्हणजे जगाचा नियमच, असे लोकांनी नकळत धरले होते. भिंतीत खुंटी आहे असे धरून कपडे टांगले होते.

३

या खोडी कसल्या, ते सांगतो. दिवाळी आहे, तर स्वयंपाकघरातूनच सांगावे.

आमच्या शेजारच्या काकू चकलीची कृती सांगताना 'दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी' असे सांगतात. असे प्रमाण सांगितले तर वाटी कोणतीही चालते. पण त्याच कृतीत 'दोन वाट्या भाजणीला एक पेलाभर पाणी' आले की घोटाळा झाला. काकूंच्या पेल्यात त्यांची एक वाटी बसते. तुमच्या पेल्यात दोन बसल्या की चकली कढईतच विरघळते. सी भाषेत 'इंट' म्हणून जे अंकाचे माप आहे ते असेच आहे. पीडीपी-११ वर ते १६ बिटांचे होते, पुढच्या यंत्रांवर ३२ बिटांचे झाले. 'लाँग' नावाचे त्याहून मोठे माप आजही लिनक्सच्या ६४ बिटी यंत्रावर आठ बाइटांचे, तर विंडोजच्या तशाच यंत्रावर चारच बाइटांचे आहे. म्हणून १९९९ च्या सी प्रमाणकाने सरकारी शिक्क्याच्या मापट्यासारखी ठरीव मापे दिली. ज्याला नेमके ३२ बिट हवेत त्याने तसे स्पष्ट लिहावे.

दुसरी खोडी मास्तरकीतली आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात 'पंचवीस' लिहा म्हटले की दोन-चार मुले ५२ लिहितात. बिचाऱ्यांचा दोष नाही. मराठीत एकक आधी बोलतो, दशक मागून. पाच आणि वीस. लिहिताना मात्र दोन आधी, पाच मागून. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीची बाजू मांडली, आणि अर्ध्या महाराष्ट्राने भाषेची. यंत्रांमध्येही हाच तंटा आहे. मोठा आकडा स्मृतीत ठेवताना काही यंत्रे लहान भाग आधी ठेवितात, काही मोठा. एका पंथाच्या यंत्रावरून दुसऱ्या पंथाच्या यंत्राकडे मजकूर जसाच्या तसा नेला की जोडीजोडीने अक्षरे उलटतात. 'यू-एन-आय-एक्स' या चार अक्षरांचे 'एन-यू-एक्स-आय' होते, आणि या दुखण्याला संगणकवाले अजून त्याच नावाने ओळखतात. डॅनी कोहेन यांनी १९८० साली या दोन पंथांना गलिव्हरच्या गोष्टीतली नावे दिली, कारण तेथेही अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लढाया होतात. शहाणा प्रोग्राम भांडत नाही. मजकूर घराबाहेर पाठविताना तो एक ठरलेला क्रम पाळतो, आणि घरात काहीही असो.

तिसरी खोडी मी मुद्दाम मागे ठेवितो, कारण तिनेच आमचा घात केला.

४

आता प्रश्न असा, की इतका खटाटोप करावयाचा कोणी आणि कशासाठी? एका कंपनीने एका यंत्रासाठी प्रोग्राम विकला, तर तिला जगातल्या सगळ्या यंत्रांशी काय कर्तव्य?

१९८० च्या दशकात झाले तेच. डेक कंपनीचे व्हॅक्स यंत्र विद्यापीठांतून घरोघर झाले, आणि सारे जग म्हणजे व्हॅक्सच अशी समजूत पसरली. टोरांटोचे हेन्री स्पेन्सर यांनी सी लिहिणाऱ्यांसाठी थट्टेने दहा आज्ञा लिहिल्या, त्यांतली शेवटची या खोट्या समजुतीविरुद्धच आहे. दुसरीकडे सन, एचपी, आयबीएम असा प्रत्येक सावकार आपापले युनिक्स काढू लागला. नाव एक, पण दारे-खिडक्या निरनिराळ्या.

याच काळात, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की आपण एक संपूर्ण मुक्त व्यवस्था लिहिणार. जिचे मूळ लिखाण कोणीही वाचावे, बदलावे आणि पुढे द्यावे. १९८७ मध्ये त्यांनी आपला कंपायलर लोकांना दिला. तोच 'जीसीसी'. त्यात प्रत्येक यंत्राचे वर्णन वेगळ्या वहीत लिहिलेले असते. नवे यंत्र आले की सारा दुभाष्या नव्याने घडवावयाचा नाही. त्या यंत्राची वही लिहावयाची.

येथे मला एक भेद नीट समजला. विकणारा शिजविलेले अन्न विकतो. मुक्त सॉफ्टवेअरवाला कृती लिहून देतो. कृती कोणाच्या चुलीवर चढेल हे लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. गॅस असेल, शेगडी असेल, वाटी लहान असेल, मोठी असेल. म्हणून ज्याचे लिखाण सर्वांना खुले, त्याला 'माझ्या घरी चालते' एवढे म्हणून सुटका नाही.

यातून जी साधने निघाली ती आमच्या आईने पाहिली असती तर तिला पटली असती. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये 'ऑटोकॉन्फ' रचले. त्याच्या जोरावर प्रोग्राम नव्या यंत्रावर उतरला की आधी घरभर फिरून पाहतो. नळ आहे का? कडी आहे का? इंट किती बाइटांचा? अमुक सोय या दुभाष्याला येते का? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पडद्यावर 'होय', 'नाही' असे उमटत जाते. जे नाही त्याच्या जागी बरोबर आणलेले काढून लावावयाचे. मी प्रथम हे शेकडो ओळींचे प्रश्नोत्तर पडद्यावर धावताना पाहिले, तेव्हा मला सिडकोच्या रिकाम्या घरात खोल्याखोल्यांतून भिंती ठोकून पाहणारी आई दिसली.

दुभाष्यांनाही शिस्त हवी होती. अमेरिकेत १९८९ मध्ये आणि लगेच १९९० मध्ये जागतिक पातळीवर सी भाषेचे प्रमाणक ठरले. त्या प्रमाणकाने काही गोष्टी मात्र जाणूनबुजून मोकळ्या सोडल्या आणि सांगितले, हे ज्याच्या त्याच्या यंत्राने ठरवावे. या मोकळ्या जागाच खऱ्या खाचखळग्याच्या.

१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले तेव्हा ते इंटेलच्या ३८६ या एकाच चिपसाठी होते. हे दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगे नाही, असे त्याने स्वतःच सांगितले होते. पुढे नाना देशांच्या लोकांनी ते नाना यंत्रांवर नेले. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पाचशे सर्वांत बलाढ्य संगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. बिऱ्हाड हलविता आले, म्हणून ते इतके पसरले.

५

या कामात आपल्याकडची माणसेही होती, आणि त्यांची आठवण ठेविली पाहिजे.

टाटा संस्थेच्या अंगणातून निघालेली एनसीएसटी ही संस्था १९८५ पासून जुहूला होती. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या विद्यापीठांची संगणकीय पत्रे या जुहूच्या दारातून परदेशी जात. तार होती सेकंदाला ९६०० बिटांची. आजच्या वाचकाला कळावे म्हणून सांगतो, एका फ्लॉपीत मावणारा मजकूर त्या तारेवरून न्यावयास वीस मिनिटे लागावीत. पुढे या संस्थेने आमच्या नव्या मुंबईत खारघर स्थानकासमोर आपले आवार उभारले. २००३ च्या सुमारास ती सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि आज तेथे सी-डॅकची पाटी आहे. याच संस्थेत कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा 'रघु' फॉन्ट घडविला, आणि तोही मुक्त परवान्याखाली लोकांना दिला. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला त्याचे विशेष कौतुक.

पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीचे पोट उलगडून दाखविणारे केंद्र चालविले. आणि पुण्यात केपीआयटी कमिन्स या कंपनीतील अभियंत्यांनी जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपांसाठी जीसीसीची साधने बांधून दिली. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची सीआर-१६ नावाची एक चिप होती. तिची 'वही'ही त्यांनीच लिहून जीसीसीला दिली. २०१२ मध्ये निघालेल्या जीसीसीच्या ४.७ या आवृत्तीत ती प्रथम आली. जगभरच्या दुभाष्यात पुण्याच्या हातची एक खोली!

ही गोष्ट येथेच संपविली असती तर ऊर भरून आला असता. पण इतिहास लिहावयाचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. ती चिप मागे पडली, त्या खोलीचा केर काढणारे कोणी उरले नाही. २०२२ च्या आवृत्तीत ती कालबाह्य म्हणून जाहीर झाली आणि २०२३ च्या तेराव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. यात कोणाचा अपराध नाही. मूळ इमारतीत रोज फेरफार होतात. त्या फेरफारांबरोबर प्रत्येक खोली सुधारावी लागते. ज्या खोलीत कोणी राहत नाही, ती पडते. एकदा बिऱ्हाड हलविले म्हणजे काम संपले असे नाही. ते हलविण्याजोगे ठेवणे हे रोजचे काम आहे.

६

आता माझी हकिगत.

१९९६ मध्ये माझी दहावीची परीक्षा झाली. आमच्या घरी तिला मॅट्रिकच म्हणत. त्या सुट्टीत मी वाशीच्या एका टंकलेखनाच्या दुकानात हाताखाली राहिलो. तेथे देवनागरीचे कार्ड बसविलेला एक संगणक होता. हात बसावा म्हणून मालक मला काहीही टंकू देत. मी आईच्या ओव्या टंकल्या. जात्यावरच्या, तिने तिच्या आईकडून घेतलेल्या आणि काही स्वतः रचलेल्या. ती रात्री सांगे, मी वहीत उतरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी दुकानात टंकी. एकशे अडतीस झाल्या.

आई २००३ मध्ये गेली. वही बहिणीकडे कल्याणला होती. २६ जुलै २००५ च्या पुरात तिचा लगदा झाला. उरली एक सीडी, कारण दुकान बंद करताना मालकाने माझ्या फ्लॉपीवरचे सारे तिच्यावर उतरवून दिले होते. ती सीडी मी जपून ठेविली आणि कधी उघडली नाही. आहे, एवढेच पुरेसे वाटे.

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता महापे येथे एका कचेरीत प्रोग्राम लिहिते. मी सीडी तिच्या हाती दिली. तिने उघडून पाहिले तो मराठीचे एक अक्षर दिसेना. नुसती चिन्हे आणि चौकोन. ती म्हणाली, "सर, हे जुन्या इस्की लिपीत आहे. घाबरू नका."

इस्की म्हणजे १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली अक्षरांची अंकमाला. तिच्यात १२८ च्या खालचे आकडे इंग्रजीला आणि १६० च्या वरचे आपल्या लिपींना. 'अ' चा आकडा १६४, 'क' चा १७९. ही अक्षरे आजच्या युनिकोडात आणणारा सी भाषेतला एक लहानसा मुक्त प्रोग्राम तिने शोधून काढला आणि आपल्या लॅपटॉपवर चालविला. पहिल्याच अक्षराला तो कोसळला. पुन्हा चालविला, पुन्हा तेच. ती गप्प झाली. मला वाटले, सीडीच खराब झाली, आणि मी फराळाचे ताट आत नेऊन ठेविले. खरे सांगतो, मला तिच्यासमोर बसवेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने सहज म्हणून तोच प्रोग्राम आमच्या प्रयोगशाळेतल्या रास्पबेरी पायवर लावला. तो तळहाताएवढा संगणक एका पालकाने देणगी दिलेला. त्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नाही. आणि पडद्यावर ओवी उभी राहिली. आईचीच. तिच्यात माझ्या मामाचे नाव होते.

तेच लिखाण, तीच सीडी. एक यंत्र मुके आणि दुसरे बोलते, हे कसे? येथे ती मागे ठेविलेली तिसरी खोडी येते. सी भाषेत अक्षरासाठी 'कॅर' नावाचे एक बाइटाचे माप आहे. ते माप उणे आकडे धरते की नाही, हे प्रमाणकाने यंत्रावर सोडले आहे. पीडीपी-११ चे वळण उणे धरण्याचे होते, आणि आजच्या इंटेल जातीच्या यंत्रांवरही तीच रीत आहे. रास्पबेरी पायमध्ये एआरएम जातीची चिप असते. या जातीच्या आरंभीच्या चिपांना उणे बाइट थेट उचलण्याची आज्ञाच नव्हती. म्हणून तिकडे अधिकचेच आकडे धरण्याची रीत पडली. या मापात १२७ पर्यंत दोन्हीकडे सारखेच. इंग्रजी लिहिणाऱ्याला जन्मात फरक कळणार नाही. पण १७९ हा आकडा उणे धरणाऱ्या यंत्रावर २५६ ने मागे जातो आणि उणे ७७ होतो. आमचा 'क' लॅपटॉपवर उणे सत्त्याहत्तर झाला होता! प्रोग्राम अक्षरांच्या चाळीत त्या क्रमांकाची खोली शोधू लागला. पहिल्या खोलीच्याही अलीकडे सत्त्याहत्तर खोल्या. तेथे खोली कुठली? म्हणून कोसळला. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तो चालत असावा, म्हणून त्याला खोट कधी दिसली नाही. त्याने खुंटी धरून चालले होते.

ओव्या मिळाल्या. एकशे अडतीसच्या एकशे अडतीस. मी म्हटले, "झाले, देव पावला. आता फराळ कर." ती उठेना. म्हणाली, "सर, तुमचं काम झालं. पण पुढच्या कुणाच्या आईची फाईल असेल, ती अडेल." तिने त्या लिखाणात जेथे बाइट वाचला जातो तेथे एक शब्द घातला: 'अनसाइन्ड', म्हणजे उणे धरू नये. मग लॅपटॉपवर चालविले, पायवर चालविले, दोन निरनिराळ्या कंपायलरांनी चालविले आणि विंडोजवरही चालविले. चारी ठिकाणी ओवीचे अक्षरन् अक्षर सारखे आहे हे पाहिल्यावर तिने ती दुरुस्ती मूळ लेखकाकडे धाडली. चार दिवसांनी त्याने आभार मानून ती आपल्या ग्रंथात सामील करून घेतली. तो कोणत्या देशाचा, हे तिने विचारले नाही, मीही नाही.

ओव्या आता युटीएफ-८ या पद्धतीत ठेविल्या आहेत. ही पद्धत त्याच केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीच्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. तिच्यात आपला एक 'क' तीन बाइट घेतो, २२४, १६४ आणि १४९. आणि हा क्रम कोणत्याही यंत्रावर उलटत नाही. तिन्ही आकडे १२७ च्या वरचे आहेत हे मात्र वाचकांच्या ध्यानात आले असेल. म्हणजे ती जुनी खोडी अजून दबा धरून आहेच, आणि जो कोणी मराठीसाठी सी लिहील त्याला तो शब्द विसरून चालणार नाही.

७

जाता जाता एक योगायोग. युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते, आणि आमच्या नव्या मुंबईला वसविणारी सिडको त्याच वर्षी, १७ मार्चला, जन्मली. दोघेही एका वयाचे. ज्या जुन्या यंत्रांत सेकंदांचा आकडा ३२ बिटांच्या मापात ठेविला आहे, त्यांचे माप १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरेल, आणि घड्याळ उलटे १९०१ मध्ये जाऊन पडेल. त्यापूर्वी सारी लिखाणे मोठ्या मापावर नेण्याचे काम चालू आहे. डेबियनसारख्या मुक्त व्यवस्थेने २०२४ मध्ये आपल्या हजारो प्रोग्रामांवर ते केले. त्या करणाऱ्यांचे आभार मानावयास कोणी येणार नाही, कारण त्यांचे काम नीट झाले तर त्या सकाळी काहीच घडणार नाही.

ओव्यांच्या पाच प्रती मी केल्या. एक बहिणीकडे, एक त्या मुलीकडे, एक शाळेच्या पायवर, एक माझ्याकडे, आणि एक कागदावर छापून. मुलगी म्हणाली, कागदाची काय गरज? मी तिला आईचे ते गाठोडे दाखविले. वरवंटा आता बहिणीकडे आहे, सुतळी संपली. वाकलेले दोन खिळे मात्र आईने तेव्हाच वरवंट्याने ठोकून सरळ केले होते. ते चारही खिळे अजून माझ्यापाशी आहेत.